टँगो लिहिलंय, पण अर्जेंटिनाचा नाही: नाझारेथ हातात कसा बसवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी आठ-नऊ वर्षं पियानो शिकलाय. शोपाँचे काही वॉल्ट्झ आणि अमेरिकेच्या जॉप्लिनचे दोन-तीन रॅग (रॅगटाइम ढंगाचे पियानोचे तुकडे) त्यांच्या हातात बसलेत. आता त्यांनी ब्राझीलच्या एर्नेस्तो नाझारेथचं ‘ओदेऑन’ घेतलंय. कागदावर ‘टँगो’ असं छापलंय, पण कानाला ते टँगो वाटत नाही. रॅगटाइमसारखं वाजवलं तर कोरडं लागतं, शोपाँसारखं सैल वाजवलं तर ठेकाच विरघळतो. तर या संगीताचा स्वभाव नक्की काय, आणि तो वाजवण्यात आणायचा कसा?

आधी माझीच फजिती सांगतो. नाझारेथ मला फार उशिरा भेटला, शिकवायला लागून दहा वर्षं उलटल्यावर. नोटेशन पाहिलं, सोपं वाटलं, पंधरा दिवसांत बसवलं आणि एका घरगुती बैठकीत दणक्यात वाजवून टाकलं. टाळ्या पडल्या. नंतर चहा घेताना एक वयस्क गृहस्थ जवळ आले. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम वाजवलेला माणूस. म्हणाले, “छान वाजवलंत. पण तुम्हाला गाडी गाठायची होती का?” त्या एका वाक्यावर मी पुढचं वर्षभर विचार करत होतो. आता जे लिहितोय ते बरंचसं त्यातूनच आलेलं आहे.

आधी नावाचा घोळ सोडवू, कारण तो डोक्यात राहिला की हातात उतरतो. ‘टँगो’ म्हटलं की आपल्याला ब्युनोस आयरेस दिसतं, बँडोनियन (भात्याचं, अकॉर्डियनसारखं वाद्य) ऐकू येतो, मान झटकून थांबणारी जोडी दिसते. ते सगळं इथे विसरा. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या संगीत-नाटकांतून ‘टँगो’ हा शब्द अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर फिरत होता आणि त्याचा अर्थ साधारण हाबानेरासारखी, म्हणजे क्युबाच्या डुलत्या नाचासारखी चाल, इतकाच होता. रिओ द जानेरोत संगीतकार हेन्रिक आल्वेस द मेस्किताने 1871 मध्ये आपल्या एका रचनेला ‘टँगो’ म्हटलं, तेव्हा अर्जेंटिनाच्या टँगोची जगभर होणारी ख्याती अजून कैक वर्षं दूर होती. म्हणजे हा त्याचा धाकटा भाऊ नव्हे, आडनाव सारखं असलेला वेगळ्या घरातला माणूस आहे.

मग रिओत त्या शब्दाखाली काय शिजलं? युरोपातून पोल्का हा जलद नाच आला. 1845 च्या सुमारास तो रिओच्या रंगमंचावर पोचला आणि तिथून घराघरांत घुसला. आफ्रिकी मुळं असलेला लुंदु हा नाच आधीपासून होता. हाबानेरा बंदरातून आली. या तिन्हींच्या मिश्रणातून रस्त्यावर आणि नाचघरांत माशीशी नावाचा नाच जन्मला. हा नाच इतका अंगाला अंग लावून केला जायचा, की सभ्य घरांत त्याचं नाव काढणंही वाईट. पण त्याची लय सगळ्यांना हवी होती, दिवाणखान्यात पियानोशी बसलेल्या मुलींनासुद्धा. प्रकाशकांनी त्यावर तोडगा काढला: मुखपृष्ठावर ‘माशीशी’ऐवजी ‘टँगो’ छापायचं. बाहेर टँगो, आत बराचसा माशीशी. नाझारेथला मात्र हे समीकरण मान्य नव्हतं. आपले टँगो माशीशीपेक्षा वेगळे आहेत, हे तो आग्रहाने सांगायचा. मला वाटतं, दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि वाजवणाऱ्याने दोन्ही एकदम लक्षात ठेवायच्या आहेत.

हा पडदा किती पातळ होता ते 1914 च्या एका प्रसंगातून कळतं. शिकिन्या गोन्झागा ही त्या काळातली थोर संगीतकार बाई. तिचा ‘कोर्ता-झाका’ नावाने गाजलेला टँगो मुळात 1895 च्या एका रंगभूमीवरच्या खेळातला. 1914 च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांच्या कातेते प्रासादात समारंभ होता आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नायर द तेफे यांनी तिथे गिटारवर तोच टँगो वाजवला. झालं! सिनेटर रुइ बार्बोझा यांनी सिनेटमध्ये उभं राहून त्यावर आगपाखड केली. गिटार हे रस्त्यावरचं वाद्य आणि ही चाल त्याहून खालची, ती राजप्रासादात वाजतेच कशी, हा मुद्दा. आपल्याकडे लावणीने माजघरापर्यंत पोचायला जे सोसलं, त्याची आठवण होते. तुलना इथेच थांबवतो, कारण पुढे ती ओढली तर तुटेल.

आता लय. हा उत्तराचा गाभा आहे, तेव्हा इथे जरा बसू.

दोन चतुर्थांशाचा एक बार घ्या आणि त्यात आठ सेमिक्वेव्हर, म्हणजे आठ समान छोट्या मात्रा मोजा: एक ते आठ. टेबलावर डाव्या हाताने फक्त 1, 4 आणि 7 वर ठोका द्या. म्हणजे तीन-तीन-दोन. तबल्याची थोडी ओळख असेल तर ‘तकिट तकिट तक’ म्हणा, लगेच बसेल. हा सांगाडा. आता त्यात 5 घाला: 1, 4, 5, 7. ही झाली हाबानेरा. आता आणखी एक ठोका घाला, 2 वर: 1, 2, 4, 5, 7. ब्राझिलियन टँगोचा खरा चेहरा हा आहे. तिथले संगीत-अभ्यासक बारच्या पहिल्या अर्ध्यातल्या या छोट्या-मोठ्या-छोट्या जोडणीला ‘खास सिंकोप’ (सिंकोप म्हणजे अपेक्षित जागेवरून सरकलेला आघात) अशा अर्थाचं नाव देतात, इतकी ती त्या देशाच्या संगीताची खूण आहे.

या तिन्ही आकृत्या एकमेकींच्या पोटात आहेत हे लक्षात आलं का? हाबानेरात सांगाडा आहे आणि खास सिंकोपमध्ये हाबानेरा आहे. म्हणून नाझारेथ एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरी आकृती ठेवतो, मधेच अदलाबदल करतो, आणि तरी काही विसंगत वाटत नाही.

कान जिथे टेकायला बघतो, अशी तिन्हींमध्ये रिकामी राहणारी मात्रा कोणती? तिसरी. आपला कान आठ मात्रांत 1, 3, 5, 7 वर टेकायला बघतो. इथे तिसरीवर टेकायला जावं तर खाली पाटच नाही! पाऊल हवेत राहतं आणि चौथीवर जरा घाईने पडतं. ही पाव क्षणाची अधांतरी अवस्था म्हणजे या संगीताची गंमत. विद्यार्थी काय करतात, तर त्या रिकाम्या जागेला घाबरून मनातल्या मनात तिसरी मात्रा आपटतात. बोट पडत नाही, पण खांदा पडतो. ऐकणाऱ्याला ते कळतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कागदावर लिहिता येत नाही. ती 1-2-1 अशी छोटी-मोठी-छोटी जोडणी ब्राझीलचे चांगले वादक अगदी गणिती मापात वाजवत नाहीत. ती तीन समान भागांच्या दिशेने किंचित सरकते. पूर्ण ट्रिप्लेट केलीत तर मऊ भात होतो. तंतोतंत सेमिक्वेव्हरच्या मापाने वाजवलीत तर लष्करी बँड. दोन्हींच्या मधे कुठेतरी जागा आहे, आणि ती प्रत्येक वेळी तीच नसते. फ्रेंच संगीतकार दारियुस मियो 1917-18 मध्ये रिओत होता. राजदूत म्हणून आलेल्या कवी पॉल क्लोदेलचा सेक्रेटरी म्हणून तो आला होता. त्याने दुकानातून टँगो-माशीशींचा गठ्ठा आणला आणि वाजवायला बसला, तर त्याला हीच अडचण आली. त्याने नंतर लिहून ठेवलंय की सिंकोपच्या आत एक किंचित थांबणं आहे, एक बेफिकीर श्वास आहे, आणि तो पकडणं त्याला फार जड गेलं. मियोसारख्या माणसाला जड गेलं, तेव्हा आपण दोन आठवड्यांत येत नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

रॅगटाइमचा सल्ला कुठे फसतो, तेही इथेच कळतं. जॉप्लिनच्या रॅगमध्ये डावा हात घड्याळ असतो: बेस, कॉर्ड, बेस, कॉर्ड. सगळी वाकडी पावलं उजव्या हाताची. नाझारेथकडे डावा हात स्वतःच वाकडा चालतो. 1893 च्या ‘ब्रेझेइरो’मध्ये बघा. शब्दाचा अर्थ खट्याळ. पहिल्या भागात हार्मनी म्हणावी तर टॉनिक आणि डॉमिनंट, म्हणजे सा आणि प वरचे कॉर्ड, यापलीकडे जवळजवळ काही नाही. तरी तो भाग वीस वेळा ऐकला तरी शिळा होत नाही, कारण डाव्या हाताचा ठेका जमिनीला धरून डोलत राहतो आणि वरची चाल त्याच्याशी कधी जुळते, कधी निसटते. डावा हात घड्याळासारखा केलात की खट्याळपणा संपला, उरली ती कवायत. (हा तुकडा प्रचंड खपला. पण नाझारेथने त्याचे हक्क प्रकाशकाला 50 मिल-रेइसला विकून टाकलेले होते, असं त्याच्या चरित्रात येतं. खपाचा पैसा कोणाकडे गेला ते सांगायला नको.)

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा. हे पियानोचे तुकडे दिसतात, पण त्यांच्या आत एक वाद्यमेळ बसलेला आहे.

1870 च्या आसपास रिओत शोरो मंडळी तयार झाली. दिवसा टपाल-कचेरीत, कस्टममध्ये नोकऱ्या करणारे, रात्री कुणाच्या तरी अंगणात जमून वाजवणारे लोक. बासरी चाल वाजवते. कावाकिन्यो, म्हणजे चार तारांचं छोटं गिटारसारखं वाद्य, कॉर्डचा चुरचुरीत ठेका देतं. आणि गिटार खालून बेसच्या तानांनी चालीला उत्तर देते. या बेसच्या कामाला ते ‘बाइशारिया’ म्हणतात. बासरीवाल्याचा आवडता खेळ म्हणजे अचानक वळण घेऊन साथीदारांना पाडणं. पोल्कांची नावंही तशीच: विरियातो फिगेइराच्या एका पोल्काच्या नावाचा अर्थ ‘पडलास ना? म्हटलं नव्हतं?’ असा आहे, आणि तरुण नाझारेथने 1881 मध्ये लिहिलेल्या एका पोल्काच्या नावाचा अर्थ ‘पुन्हा नाही फसायचो!!!’ तीन उद्गारचिन्हं त्याचीच.

नाझारेथ या अंगणात वाढलेला नव्हता. तो पियानोवाला. 1863 चा जन्म, आईकडून पियानोचे पहिले धडे, आई तो दहा वर्षांचा असताना गेली, चौदाव्या वर्षी पहिली रचना छापून आली. देव कोण, तर शोपाँ. पण कान अंगणात होता. त्याने ती बासरी, ते कावाकिन्यो, ती गिटार उचलून दहा बोटांत बसवली. 1914 च्या ‘आपान्येइ-ते, कावाकिन्यो’ या पोल्कात तर त्याने ते नावातच सांगून टाकलंय: ‘पकडलं बघ तुला, कावाकिन्यो’. उजव्या हातात बासरीची न थांबणारी सेमिक्वेव्हरची धावपळ, डाव्या हातात कावाकिन्योचा ठेका.

आता तुमच्या ‘ओदेऑन’कडे या. पहिल्या भागात चाल कुठे आहे? बहुतेक जण उजव्या हाताकडे बघतात, कारण सवय. चाल डाव्या हातात आहे. सी शार्प मायनरमध्ये खालच्या पट्टीत गिटार बोलतेय, आणि उजव्या हाताचे कॉर्ड तिच्या शब्दांमधल्या फटींत पडताहेत. कावाकिन्यो वाजवणारा माणूस मान डोलावत ‘हं, हं’ करतोय, असं समजा. उजवा हात जड झाला की तो ‘हं’ म्हणायच्या ऐवजी मधे मधे बोलू लागतो आणि गिटारवाल्याचं वाक्य तुटतं. तुम्हाला कोरडं वाटतंय, त्याचं निम्मं कारण इथे असणार, असा माझा अंदाज आहे. फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि फक्त एवढं तपासा: पहिल्या आठ बारांत खालची ओळ गुणगुणता येते का? नाही आली तर उजवा हात निम्म्याने कमी करा.

तसं बसलं की डाव्या हाताला आकार द्या. ती ओळ टप्प्याटप्प्याने सरकते, मधे अर्ध्या सुराची पावलं टाकते, आणि प्रत्येक छोट्या वाक्याच्या शेवटी जरा मागे रेलते. गिटारवर बोटाने तार खेचल्यावर सूर जसा सुरुवातीला भरलेला आणि लगेच विरणारा असतो, तसा स्पर्श हवा. लेगाटो, म्हणजे सुराला सूर जोडून, पण प्रत्येक सुराला स्वतःचं टोक. पेडल या भागात मी जवळजवळ वापरत नाही. वापरलंच तर कडव्याच्या शेवटी, चिमूटभर. दुसऱ्या भागात चाल वर जाते तिथे थोडं जास्त चालतं. ज्यांच्या घरी डिजिटल पियानो आहे त्यांना माझी एक विनंती: पहिले दोन महिने पेडल काढून कोपऱ्यात ठेवा. त्या आवाजाच्या पाझरात सिंकोप बुडतात आणि आपल्याला कळतही नाही.

‘ओदेऑन’ हे नाव एका सिनेमागृहाचं. रिओच्या मुख्य हमरस्त्यावर, आताच्या रिओ ब्रांको अव्हेन्यूवर, ते होतं. मूकपटांचे दिवस, आणि नाझारेथ प्रतीक्षागृहात पियानो वाजवायला ठेवलेला. लोक तिकीट काढून यायचे ते चित्रपटासाठी नाही तर याला ऐकायला, असं तिथे अजून सांगतात. (आज रिओत ओदेऑन नावाचं जे जुनं सिनेमागृह दाखवतात ते 1926 चं, वेगळ्या जागेवरचं. पर्यटकांचा तिथे हमखास गोंधळ होतो.) ही माहिती मी नुसती सजावट म्हणून देत नाहीये. प्रतीक्षागृहात लोक बोलत असतात, टोप्या काढत-घालत असतात, मुलं रडत असतात. तिथे वाजवणारा माणूस घसा फाडून वाजवत नाही आणि अगदी कुजबुजतही नाही. बोलण्याच्या पातळीवर वाजवतो. ऐकणाऱ्याने कान दिले तर दिले. मैफिलीचा पियानो आणि हा, यांत हाच फरक. फोर्टे म्हणजे इथे ‘जरा मोठ्याने म्हणालो’, इतकंच.

मियोने त्याला तिथेच ऐकलं. नाझारेथच्या वादनातली निसटती, उदास प्रवाही लय मियोच्या मनात राहिली. फ्रान्सला परतल्यावर 1919 मध्ये त्याने ‘छपरावरचा बैल’ अशा नावाची जी रचना केली तिच्यात नाझारेथ, शिकिन्या गोन्झागा, मार्सेलो तुपिनांबा अशा कितीतरी जणांच्या चाली आहेत. नावसुद्धा एका ब्राझिलियन चालीचंच. पॅरिसने मियोला डोक्यावर घेतलं. मूळ चाली कोणाच्या हा प्रश्न ब्राझीलमध्ये पुढे बराच गाजला. मला विचाराल तर ती ऐकाच, पण नाझारेथ ऐकून झाल्यावर.

‘उदास’ हा शब्द आला आहे, तर त्याबद्दल. या तुकड्यांची नावं खट्याळ, खोडकर, घसरणारा, धोकादायक अशी असतात, आणि तरी आत कुठेतरी एक ओल असते. हे आर्त दुःख नाही. शोपाँच्या मझुर्कात असतं तसं, किंवा त्याहूनही, जुना वाडा विकायला काढल्यावर रिकाम्या खोलीतून एक फेरी मारताना वाटतं तसं काहीतरी. पोर्तुगीजमध्ये याला ‘सौदाद’ म्हणतात. माझ्याकडे मडगावची एक विद्यार्थिनी होती. मी हा शब्द समजावून सांगायला लागलो तर ती म्हणाली, “सर, हा शब्द मला आजीकडून माहीत आहे.” आजी मांडो, म्हणजे गोव्याची जुनी नाचगाणी, गायची. मांडोचा आणि ब्राझिलियन टँगोचा थेट संबंध नाही, ताल वेगळा, कूळ वेगळं. पण दोन्ही दिवाणखान्यात वाढले, दोन्हींच्या मागे पोर्तुगीज बोलणारं घर आहे, आणि नाच म्हणून सुरू होऊन ऐकता ऐकता गळ्याशी येण्याची खोड दोन्हींना आहे. त्या मुलीला मला रुबाटो, म्हणजे लयीत घ्यायची सूट, शिकवावा लागला नाही. लय कडक ठेवायला मात्र सहा महिने शिकवावं लागलं.

रुबाटोवरून सांगतो. शोपाँसारखं वाजवलं तर ठेका विरघळतो, असं तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर निरीक्षण आहे. इथे सूट उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही; आणि ‘ओदेऑन’च्या पहिल्या भागासारखी चाल डाव्यात असेल तर ती सूट डाव्याला आणि शिस्त उजव्याला. दोन्ही हात मिळून कधीच सैल व्हायचे नाहीत. भागाच्या शेवटी, पुन्हा पहिल्या भागाकडे वळताना, थोडं थांबलात तर शोभतं, पण दर वेळी नको. रचनेचा आकार बहुधा रोंडोसारखा असतो: पहिला भाग, दुसरा, परत पहिला, तिसरा, आणि शेवटी परत पहिला. म्हणजे पहिला भाग तुम्ही पुनरावृत्त्या धरून चार-पाच वेळा वाजवणार. तो प्रत्येक वेळी तसाच वाजवायचा तर कशाला वाजवायचा? एकदा उजव्याचे कॉर्ड अजून तोकडे, एकदा खालची ओळ अधिक गाणारी, एकदा सगळं दूरून आल्यासारखं. सूर बदलायचे नाहीत, उजेड बदलायचा.

गतीबद्दल त्या वयस्क गृहस्थांचं ‘गाडी गाठायची होती का?’ हे वाक्य मी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. ‘ओदेऑन’ मी मिनिटाला 60 क्रॉचेट (बारमध्ये दोन) या गतीवर बसवून घेतो आणि 80 च्या फारसं वर जाऊ देत नाही. जालावर 110 ला वाजवलेली रेकॉर्डिंगं मिळतील, बोटं थक्क करणारी. त्यात तिसऱ्या मात्रेचा तो रिकामा पाट शोधून दाखवा. स्वतः नाझारेथचं वादनही ध्वनिमुद्रित आहे: 1912 मध्ये बासरीवाल्या पेद्रो द आल्कांतारासोबत, आणि 1930 मध्ये एकट्याने. आवाज खरखरीत आहे, 1930 पर्यंत त्याचं ऐकू येणंही कमी होत चाललं होतं, आणि ‘आपान्येइ-ते’ तो चांगल्या वेगात वाजवतो. पण ती पोल्का आहे. पोल्काला धावू द्या, टँगोला चालू द्या. तो उतारवयात नोटेशनच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना तुकडे वाजवून दाखवायचा, आणि कोणी त्याचेच टँगो धाडधाड वाजवायला लागलं की वैतागायचा, असंही सांगतात. मला त्या गिऱ्हाइकांमध्ये मी दिसतो.

ऐकायचं काय? पियानोवादक अर्तुर मोरेइरा लिमाच्या सत्तरच्या दशकातल्या तबकड्यांनी ब्राझीलमध्ये नाझारेथला मैफिलीच्या पियानोवर मानाने बसवलं; स्पर्श सुरेख, जरा जास्तच सुरेख. त्याच्या आधी एउदोशिया द बारोस या पियानोवादक बाईंनी नाझारेथचे तुकडे रेकॉर्ड केले, त्यात नाच अधिक आहे. पण पियानोच्या आधी मेंडोलिनवर ऐका: झाकोब दो बांदोलीं. त्याच्यामागची गिटार आणि कावाकिन्यो ऐकलं की तुमच्या डाव्या हाताला आपण कोण आहोत ते समजेल. ब्राझीलचा संगीतकार विला-लोबोसने 1920 चा आपला गिटारसाठीचा ‘शोरो क्रमांक 1’ नाझारेथला अर्पण केलाय. तोही ऐका, खास करून बेसची ओळ कशी बोलते ते.

सरावाचं सांगायचं तर मी ‘ओदेऑन’ने सुरुवात करू देत नाही. ते सोपं दिसतं आणि नसतं. पहिला ‘ब्रेझेइरो’. पहिला आठवडा पियानो उघडायचाच नाही: डाव्या हाताने मांडीवर 1, 4, 5, 7, तोंडाने चाल. नंतर डाव्याने तेच आणि उजव्या हाताने 1, 2, 4, 5, 7. दोन्ही न अडखळता पाच मिनिटं चाललं, तेही कोणाशी बोलत बोलत, की मग पियानो. ‘बोलत बोलत’ ही अट महत्त्वाची आहे. माझा एक विद्यार्थी आईला भाजी निवडायला मदत करताना टेबलावर हे ठोकायचा. आई वैतागली, मुलगा तयार झाला. त्यानंतर ‘आपान्येइ-ते’ हळू, मग ‘ओदेऑन’. ‘बातुके’सारखे लांब, जाड तुकडे पुढे. नाझारेथच्या 200 हून जास्त रचना आहेत, त्यातले 90 च्या आसपास टँगो. सामग्री कमी पडणार नाही. त्याला जाऊन 90 हून जास्त वर्षं झाली असल्याने नोटेशन मोफत मिळतं. फक्त छापील प्रती एकमेकींशी ताडून बघा. स्लर आणि आघातांच्या खुणांत फरक सापडतात आणि काही आवृत्त्यांत संपादकांनी आपल्या पदरची बोटं आणि पेडल घातलेलं असतं.

तुम्ही रॅग वाजवता, म्हणजे डाव्या हाताला बेस-कॉर्ड उड्यांची सवय आहे. ती ‘ब्रेझेइरो’मध्ये आड येणार. पहिले काही दिवस डाव्या हाताचा मनगटाचा आघात पहिल्या मात्रेऐवजी चौथीवर थोडा जास्त द्या, मुद्दाम, वाईट वाटेल इतका. मग हळूहळू कमी करा. चौथी मात्रा स्वतःच्या वजनाने पडायला लागली, म्हणजे तुम्ही ती ढकलत नाही आणि तरी ती पडते, की त्या दिवशी फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा, आणि मग ‘ओदेऑन’चे पहिले आठ बार पुन्हा उघडा.